फेडोरा लिनक्स रिव्ह्यू: आपलं मशीन चालू आहे हे त्यांना कळतं कसं, आणि किती कळतं

फेडोरा ही लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि वर्कस्टेशन ही तिची डेस्कटॉपसाठीची आवृत्ती. तिचे रिव्ह्यू तुम्ही ढिगाने बघितले असतील, डेस्कटॉप कसा दिसतो, बॅटरी किती टिकते, गेम चालतात का वगैरे. मला त्यावर फार बोलायचं नाहीये. मला बोलायचंय ते यावर की हे सॉफ्टवेअर एकदा आपल्या मशीनवर बसलं की आपण ते अजून वापरतोय की काढून टाकलंय हे बनवणाऱ्यांना कसं कळतं, त्यासाठी आपल्याकडून नेमकं काय जातं, आणि ते जाण्याआधी आपल्याला कुणी विचारतं का. मी काही छोट्या ठिकाणांची कॉम्प्युटरची कामं बघते, वकिलाचं ऑफिस, दवाखाना, शाळेची लॅब असं, आणि तिथे लिनक्स टाकूया म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, फुकट आहे ना, मग आपली माहिती कुठेतरी जात असणार". प्रश्न अगदी रास्त आहे. "ओपन सोर्स आहे हो, काही होत नाही" एवढ्यावर त्यांची बोळवण करणं मला पटत नाही, कारण ओपन सोर्सवालेही मोजतात, फक्त कोण कसं मोजतो यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे.

सिस्टिम म्हणून फेडोरा चांगलीच आहे, ते आधी सांगून टाकते. दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती, प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट, सगळं ताजं. पेटंटच्या भानगडीमुळे काही कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारे तुकडे) आधीपासून नसतात, ते आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा साठा जोडून वेगळे टाकावे लागतात, तेवढा एक ताप. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लगेच मिळतो, देवनागरी स्वच्छ दिसते. बास.

आता मोजणी. फेडोराचं बिल फाडत नाहीत, रजिस्ट्रेशन नाही, सिरियल नंबर नाही. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, जगभरातल्या मिरर सर्व्हरवरून (त्याच फाइली ठेवणाऱ्या वेगवेगळ्या सर्व्हरवरून) उतरते, एकाने उतरवली की पेनड्राइव्हने अख्ख्या लॅबवर बसते, त्यामुळे डाउनलोडच्या आकड्यावरून काही कळत नाही. पण आकडा तर लागतोच ना. जुनी आवृत्ती अजून किती जण चालवतायत, कुठल्या प्रोसेसरसाठी काम चालू ठेवायचं, सर्व्हरची आवृत्ती जास्त चालते की डेस्कटॉपची, हे ठरवायचं कशावरून? फेडोरा ३१ मध्ये जुन्या ३२ बिट इंटेल मशीनसाठीचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बंद झालं. असे निर्णय नुसत्या अंदाजाने व्हायला लागले तर ज्यांचं मशीन त्यात जातं त्यांनी भांडायचं कशाच्या जोरावर? म्हणून मी मोजणीच्या विरोधात नाही. मोजाच.

आधी काय करायचे, तर अपडेट मागायला येणारे वेगवेगळे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचे नंबर, मोजायचे. आपल्याकडचं उदाहरण घेतलं तर यातली गडबड लगेच लक्षात येते. शाळेच्या लॅबमध्ये सगळी मशीन एकाच ब्रॉडबँड कनेक्शनवर असतात, बाहेरून बघणाऱ्याला एकच पत्ता दिसतो, म्हणजे अख्खी लॅब एक मशीन म्हणून धरली जाते. मोबाइल हॉटस्पॉटवर तर अजून वाईट, जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसवतात. आणि उलटंही होतं, एकच लॅपटॉप घरी, ऑफिसात, ट्रेनमध्ये, मामाकडे असा फिरला की एका आठवड्यात तीन-चार पत्त्यांवरून दिसतो आणि तीन-चार मशीन म्हणून मोजला जातो. म्हणजे कुठे कमी, कुठे जास्त, आणि किती कमी किती जास्त ते सांगता येत नाही.

मग जानेवारी २०१९ मध्ये फेडोराचे तेव्हाचे प्रोजेक्ट लीडर मॅथ्यू मिलर यांच्याकडून एक प्रस्ताव आला, फेडोरा ३० साठी. प्रत्येक इन्स्टॉलेशनला एक यूयूआयडी द्यायचा, म्हणजे रँडम तयार झालेला लांबलचक एकमेव नंबर, आणि डीएनएफने, म्हणजे फेडोराच्या पॅकेज (सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, अपडेट मागताना तो सोबत पाठवायचा. नंबरात नाव नाही, ईमेल नाही, काही नाही. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. लोकांनी जोरदार विरोध केला आणि माझ्या मते अगदी बरोबर केला, कारण इथेच सगळी मेख आहे.

नीट बघा. नंबर रँडम असला तरी तो कायम तोच राहतो. आता तुमचा लॅपटॉप सोमवारी पुण्यात घरच्या वायफायवर आहे, बुधवारी कामासाठी नागपुरात हॉटेलच्या वायफायवर, शनिवारी पणजीत. प्रत्येक ठिकाणाहून अपडेट मागितलं, प्रत्येक वेळी आयपी वेगळा, आणि आयपीवरून शहर साधारण कळतंच. नंबर नसता तर सर्व्हरला तीन ठिकाणचे तीन अनोळखी पाहुणे दिसले असते. नंबर आहे म्हणून तिघांना जोडणारा धागा मिळाला, आणि तुमच्या प्रवासाची यादी तयार झाली. ती कुणी मुद्दाम बनवायला बसलं नव्हतं, बनवणाऱ्यांचा हेतू फक्त मोजायचा होता, हे मी मान्य करते. पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, ती यादी पडून राहणार, आणि पुढे सर्व्हर कुणी फोडला, कोर्टाने मागितली, किंवा संस्थेचं धोरण बदललं, तर ती यादी वापरता येते. जी माहिती जमाच केली नाही ती कुणाच्या हातात पडत नाही. माझ्या वकील क्लायंटना मी हेच सांगते आणि त्यांना ते चटकन समजतं, कारण त्यांचं निम्मं आयुष्य दुसऱ्याने जपून ठेवलेल्या कागदांवर जातं.

त्या वादातूनच दुसरा मार्ग निघाला आणि तो २०२० मध्ये फेडोरा ३२ पासून आला. त्याचं नाव काउंटमी. माझ्यासाठी या अख्ख्या प्रॉडक्टमधली सगळ्यात कौतुकाची गोष्ट ही आहे, म्हणून जरा खोलात जाते.

डीएनएफ मिररची यादी मागायला फेडोराच्या सर्व्हरकडे जातं. ही विनंती तर तशीही जातेच, त्याशिवाय अपडेट येणार कुठून. काउंटमी एवढंच करतं की आठवड्यातून एकदा, त्या आठवड्यातल्या कुठल्यातरी एका विनंतीला, रँडम निवडलेल्या, तिच्या वेब-पत्त्याच्या (यूआरएलच्या) शेवटी एक छोटासा तुकडा जोडतं. तो वेब-पत्ता वाचला तर साधारण असा दिसतो: रेपो (पॅकेजचा साठा) बरोबर फेडोरा-४०, आर्च (प्रोसेसरचा प्रकार) बरोबर एक्स८६_६४, काउंटमी बरोबर ४. बस एवढंच. तो ४ म्हणजे तुमचा नंबर नाही, तो गट आहे. मशीन बसवून पहिलाच आठवडा चालू असेल तर १, दुसरा ते चौथा आठवडा असेल तर २, पाचवा ते चोविसावा असेल तर ३, आणि त्याहून जुनं असेल तर ४. चारच गट. जगातली सहा महिन्यांपेक्षा जुनी सगळी फेडोरा मशीन एकच आकडा पाठवतात, ४. त्यातलं तुमचं कुठलं हे त्या आकड्यावरून ओळखायचं म्हटलं तरी ओळखता येत नाही.

आणि गंमत म्हणजे हिशोब आपलं मशीनच ठेवतं. "मी कधी बसलो, या आठवड्यात हजेरी लावली का" हे मशीनला माहीत असतं, सर्व्हरला लक्षात ठेवावं लागत नाही. सर्व्हर फक्त आठवड्याभरात काउंटमी लावून आलेल्या विनंत्या मोजतो. एसटीचा कंडक्टर गाडी सुटायच्या आधी मागपर्यंत जाऊन डोकी मोजतो ना, सीटवर कोण बसलंय आणि कुणाच्या घरी चाललंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, तसंच हे. लॅबमधली सगळी मशीन एकाच आयपीवर असली तरी प्रत्येक जण आपापला काउंटमी पाठवतो, म्हणून ती सगळी मोजली जातात. फिरणारा लॅपटॉप कितीही पत्ते बदलला तरी आठवड्यात एकदाच मोजला जातो. म्हणजे आयपी मोजण्यापेक्षा हा आकडा जास्त अचूक, आणि तरी माणसाबद्दल कळतं आधीपेक्षा कमी. खाजगीपणा हवा तर अचूकता सोडा असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं, इथे तसं झालेलं नाही, आणि म्हणून मी हे उदाहरण सगळ्यांना सांगत असते.

सोबत अजून काय जातं ते पण सांगायला हवं. डीएनएफ स्वतःची ओळख सांगताना फेडोराची आवृत्ती, वर्कस्टेशन की सर्व्हर की अजून कुठला प्रकार, आणि प्रोसेसरचा प्रकार सांगतं. आणि आयपी पत्ता तर कुठल्याही विनंतीत जातोच, काउंटमी असो नसो, शिवाय जवळचा मिरर शोधून द्यायला तो फेडोराला लागतोही. युरोपात आयपी पत्ता वैयक्तिक माहितीत धरतात, त्यामुळे "काहीच जात नाही" असं मी म्हणणार नाही. पण काउंटमीमुळे त्यात ओळख पटेल अशी कुठलीही भर पडत नाही, हे मी कोड उघडा असल्यामुळे वाचून सांगू शकते, कुणाच्या आश्वासनावर विसंबून नाही.

मोजलेले आकडे फेडोरावाले जाहीर करतात, सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची, फाइल आहे, कुणीही उतरवून उघडू शकतं. मी उघडली. रकाने असे आहेत: आठवडा कधी सुरू कधी संपला, एकूण हजेऱ्या, सिस्टिमचं नाव, आवृत्ती, प्रकार, प्रोसेसर, वर सांगितलेला वयाचा गट, आणि रेपो. देशाचा रकाना नाही. भाषेचा रकाना नाही. मशीनमागे एक ओळ असं तर नाहीच नाही, प्रत्येक ओळ म्हणजे बेरीज. कंपन्या आपल्याबद्दल जमवलेली माहिती स्वतःकडे ठेवतात आणि आपल्याला त्याचं सुंदर चित्र दाखवतात, इथे मोजलेले आकडेच समोर ठेवलेत आणि म्हणून तपासता येतात.

भाषेचा रकाना नाही हे बघून मला क्षणभर वाईट वाटलं, खरं सांगते. मराठी इंटरफेस लावून फेडोरा किती जण वापरतात हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. लोहित देवनागरी हा फॉन्ट फेडोराच्या पाठीशी असलेल्या रेड हॅट कंपनीनेच दिला, त्यांच्या पुण्यातल्या ऑफिसातून भारतीय भाषांसाठी वर्षानुवर्षं काम झालं, भाषांतरं करणारी माणसं स्वतःचा वेळ घालून करतात, आणि त्यांना दाखवायला "बघा, इतकी मशीन मराठीत चालतात" असा आकडा असता तर किती बरं झालं असतं. लहान भाषांची गोची हीच आहे, मोजले गेलो नाही तर आपण नाहीच असं धरलं जातं.

पण जरा विचार केला की दुसरी बाजू दिसते. इंग्रजी इंटरफेस, इंटेलचा प्रोसेसर, ताजी आवृत्ती, यात इतकी मशीन असतील की त्या गर्दीत कुणीही हरवून जाईल. आता त्याच फाइलमध्ये भाषा मराठी, देश जर्मनी, प्रोसेसर एआरएम, आवृत्ती सर्व्हर असे रकाने जोडले तर? त्या ओळीत बेरीज १ आली तर तो एक जण कोण हे म्युनिकच्या महाराष्ट्र मंडळातला कुणीही चहा पिता पिता सांगेल. नाव कुठेच लिहिलं नाही, नंबर दिला नाही, आकडेवारी "अनामिक" आहे, तरी माणूस सापडला. अनामिक आकडेवारीचा धोका मोठ्या भाषेच्या लोकांना जाणवतच नाही, त्यांना गर्दीचं संरक्षण आपोआप मिळतं, आणि छोट्या भाषेचे, छोट्या गावातले, वेगळं हार्डवेअर वापरणारे लोक पहिले उघडे पडतात. म्हणून कुणीही "आम्ही फक्त अॅग्रिगेट डेटा घेतो" म्हणालं की माझा पुढचा प्रश्न असतो, रकाने किती आणि सगळ्यात छोट्या ओळीत माणसं किती. आपल्याला मोजलं जावं असं वाटतं त्याच लोकांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा. मराठीचा आकडा हवाच असेल तर तो वेगळा घ्या, बाकी कुठल्याच रकान्याला न जोडता, आणि ज्याला द्यायचाय त्याच्याकडून घ्या.

आता फेडोराचं जे पटत नाही ते. काउंटमी आधीपासून चालू असतं आणि इन्स्टॉल करताना त्याबद्दल एक अक्षर दिसत नाही. पहिल्यांदा मशीन सुरू केल्यावर प्रायव्हसीचं पान येतं, तिथे लोकेशन आणि बिघाडाचे रिपोर्ट पाठवायचे का याची बटणं आहेत, पण "आम्ही आठवड्यातून एकदा तुमची हजेरी मोजतो" हे तिथे नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, लपवलेलं नाही, पण डॉक्युमेंटेशन वाचतं कोण, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट? पाठवलं जातं ते कितीही निरुपद्रवी असलं तरी विचारायला, निदान सांगायला काय हरकत आहे. ज्या गोष्टीची लाज वाटायचं कारण नाही ती पहिल्या पानावर अभिमानाने सांगावी.

दुसरं, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मोजणीवरून एवढा वाद झाला, पण फेडोरात नेटवर्क मॅनेजर (इंटरनेट जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी फेडोराच्या साइटवरची एक छोटी फाइल मागून बघतो, इंटरनेट खरंच चालू आहे का आणि हॉटेल-स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पान मध्ये आलंय का हे कळावं म्हणून. काम उपयोगी आहे, त्यात आयडी वगैरे काही जात नाही. पण आठवड्यातून एकदा जाणाऱ्या आकड्यापेक्षा "हे मशीन या आयपीवर आत्ता चालू आहे" ही गोष्ट त्यातून कितीतरी जास्त वेळा कळते. ज्यांना ते नको असेल त्यांना ते पॅकेज काढून टाकता येतं, ज्याच्या नावात कनेक्टिव्हिटी आणि फेडोरा दोन्ही आहे ते. वकिलांच्या मशीनवरून मी काढते, लॅबमध्ये राहू देते.

तिसरं म्हणजे २०२३ चा तो प्रस्ताव. रेड हॅटच्या डेस्कटॉप टीमकडून आला की वर्कस्टेशनमध्ये वापराची आकडेवारी घ्यायची, एन्डलेस ओएस या दुसऱ्या लिनक्सची यंत्रणा वापरून, आणि बटण आधीपासून चालू ठेवायचं, नको असेल त्याने बंद करावं. नावात प्रायव्हसी जपणारी टेलिमेट्री (वापराची माहिती आपोआप पाठवणं) असं होतं. परत गदारोळ. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, तोच प्रस्ताव बदलून आला की ज्याने स्वतः हो म्हटलं त्याचीच माहिती घ्यायची. लोक बोलले म्हणून हे बदललं, आणि प्रस्ताव उघड्यावर मांडला गेला म्हणून लोकांना बोलता आलं, याचं श्रेय दोघांनाही. तरी माझ्या मनात एक भीती राहिलीय, काउंटमीसारखं एवढं सुंदर उत्तर हातात असताना परत परत जास्त माहिती घ्यायचा मोह होतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी जागं राहायला लागतं.

बाकीच्यांशी तुलना केल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं पॉपकॉन, म्हणजे कुठली पॅकेज किती वापरली जातात ते मोजणारी सोय, मला मनापासून आवडतं कारण ते इन्स्टॉल करताना सरळ विचारतं आणि उत्तर आधीपासून "नाही" वर ठेवलेलं असतं. हो म्हटलंत तर मात्र काउंटमीपेक्षा बरंच जास्त जातं. तुमच्या मशीनवरच्या पॅकेजची अख्खी यादी, आणि त्यातलं कुठलं अलीकडे वापरलं गेलं ते, सोबत एक रँडम आयडी. पॅकेजची यादी ही साधी गोष्ट नाहीये. दवाखान्याच्या मशीनवर एक्स-रे बघायचं सॉफ्टवेअर, वकिलाकडे एन्क्रिप्शनची साधनं, कुणाकडे टॉर (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं साधन), यादी वाचली की मशीन कुठल्या माणसाचं असेल त्याचा अंदाज येतो. म्हणून मी पॉपकॉन माझ्या स्वतःच्या डेबियन मशीनवर हो केलंय आणि क्लायंटच्या एकाही मशीनवर नाही. विचारून घेतात म्हणून तो निर्णय मला घेता आला, मुद्दा तो आहे.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टीमने २०२३ मध्ये आधीपासून चालू राहील अशी टेलिमेट्री सुचवली, विरोध झाल्यावर मागे घेऊन ऑप्ट-इन, म्हणजे हो म्हटलं तरच, अशी केली आणि २०२४ च्या १.२३ मध्ये आणली, आकडे तुमच्याच डिस्कवर जमतात आणि तुम्ही परवानगी दिली तरच बाहेर जातात. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं होमब्रू २०१६ पासून न विचारता मोजायचं आणि तेही गूगल अॅनालिटिक्सकडे पाठवून, २०२३ मध्ये त्यांनी गूगलला बाजूला केलं पण मोजणी आधीपासून चालू असतेच. आवाज रेकॉर्ड-एडिट करायच्या ऑडॅसिटीने २०२१ मध्ये गूगल आणि रशियातल्या यांडेक्सकडे माहिती पाठवायचा बेत केला होता तो लोकांनी हाणून पाडला. आणि विंडोज १० ला तर फ्रान्सच्या सीएनआयएल या खाजगी माहिती जपणाऱ्या सरकारी संस्थेने जून २०१६ मध्ये नोटीस दिली होती की गरजेपेक्षा जास्त माहिती घेताय, मग मायक्रोसॉफ्टने ती कमी केली आणि २०१७ मध्ये प्रकरण मिटलं. तरी होम आणि प्रो आवृत्तीत "आवश्यक" म्हणून जी माहिती जाते ती सेटिंगमधून पूर्ण बंद करता येत नाहीच.

पण मोठ्या नावांपेक्षा मला छोट्या सॉफ्टवेअरची जास्त काळजी वाटते. एका दवाखान्यात बिलिंगचं एक सॉफ्टवेअर आहे, दर वेळी उघडलं की लायसन्स तपासायला कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं, आणि काय बोलतं ते मी नेटवर्कवर बघितलं तर साधं एनक्रिप्शनसुद्धा नव्हतं, सगळं उघडं. त्यात मशीनचं नाव, विंडोजच्या युजरचं नाव आणि हार्ड डिस्कचा नंबर जात होता. आता आपल्याकडे मशीनला नाव काय देतात? डॉक्टरांचं आडनाव, पुढे क्लिनिक, पुढे रिसेप्शन. युजरचं नाव म्हणजे तिथे बसणाऱ्या मुलीचं नाव. म्हणजे ती मुलगी रोज किती वाजता कामावर आली हे त्या कंपनीच्या लॉगमध्ये पडतंय, तिला पत्ता नाही, डॉक्टरांना पत्ता नाही. फोन केला तर "मॅडम, पायरसी थांबवायला लागतं ते" एवढंच उत्तर. पायरसी थांबवायला त्या मुलीचं नाव कशाला लागतं हे काही त्यांनी सांगितलं नाही. शेवटी आम्ही मशीनची आणि युजरची नावं बदलून नुसते नंबर ठेवले, काउंटर-१, काउंटर-२ असे. तुम्हीही आज हे करू शकता, पैसे लागत नाहीत.

सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यामुळे अशा कंपन्यांना "आम्ही काय घेतो आणि कशासाठी" हे सांगावं लागण्याचे दिवस येतायत असं मला वाटतं. तोवर आपणच विचारत राहायचं.

काउंटमी बंद करायचं असेल तर सोपं आहे. ईटीसी फोल्डरमध्ये यम डॉट रेपोज डॉट डी नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या फेडोराच्या रेपो फाइलींमध्ये काउंटमी बरोबर १ अशी ओळ दिसेल, तिथे ० करा, प्रत्येक फाइलीत बघा, अपडेटची फाइल वेगळी असते. सिल्व्हरब्लू किंवा किनोइट हे फेडोराचे प्रकार वापरत असाल तर तिथे यासाठी वेगळा सिस्टिमडी टायमर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) आहे, नावातच काउंटमी आहे, तो मास्क करायचा, म्हणजे चालूच होणार नाही असा बंद करायचा. नवीन आवृत्तीवर गेल्यावर तुमची बदललेली फाइल सहसा तशीच राहते आणि नवीन फाइल शेजारी आरपीएमन्यू नावाने येते, ती आंधळेपणाने जुनीवर टाकलीत तर काउंटमी परत चालू होईल, तेवढं लक्षात ठेवा.

मी मात्र ते कुठल्याच मशीनवर बंद केलेलं नाही, वकिलांच्यासुद्धा नाही, त्यांना समजावून सांगितलं, त्या आकड्यात काय जातं ते कागदावर लिहून दाखवलं आणि त्यांनी स्वतः "राहू दे" म्हटलं. शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंनी तर विचारलं की मग आपली लॅब त्या बेरजेत धरली जाते का, आणि हो म्हटल्यावर खूश झाल्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. मोजायच्या पद्धतीला पाचपैकी पाच देते, एक गुण कापला तो न विचारण्याचा. फेडोराच्या पुढच्या कुठल्याही आवृत्तीत पहिल्या प्रायव्हसीच्या पानावर काउंटमीची एक ओळ आणि एक बटण आलं, आणि ती ओळ मराठीतही आली, की मी इथे येऊन तो गुण परत देईन.